‘तुंबाड’चे पीठ कुणी दळले?

सप्टेंबर २०२४. गौरी-गणपतींचे विसर्जन करून आम्ही खेडहून डोंबिवलीला परतलो आणि दोनच दिवसांनी मी माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आजीला घेऊन कल्याणच्या एका मल्टिप्लेक्समध्ये दुपारच्या खेळाला गेले. चित्रपट नवा नव्हता. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो पहिल्यांदा लागला, तेव्हा फारसा चालला नव्हता. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा पडद्यावर आला आणि या वेळी सभागृह भरलेले होते. आमच्या मागे बसलेली कॉलेजची मुले पडद्यावरच्या नटांच्या आधी संवाद म्हणत होती.

मध्यंतरात दिवे लागले. आजी बराच वेळ गप्प होती. मला वाटले, घाबरली. ती म्हणाली, “एवढं पीठ मळतायत ते. दळलं कुणी?”

हा थ्रेड ‘तुंबाड’चा दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांच्याविषयी आहे. एक गोष्ट डोक्यात घेऊन माणूस वीस वर्षे कसा जगतो, हे त्यांच्या कारकिर्दीकडे पाहून कळते. पण थ्रेड फिरून आजीच्या प्रश्नापाशी येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी: शेवट फोडणार नाही, मधले थोडे सांगावेच लागेल.

राही यांचा जन्म १९७९ चा. वडील अनिल बर्वे हे मराठी रंगभूमीवरचे एक धगधगते नाव. फाशीची शिक्षा झालेला नक्षलवादी कैदी आणि त्याचा करडा तुरुंगाधिकारी यांना समोरासमोर उभे करणारे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ त्यांचे. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेले ‘हमिदाबाईची कोठी’ही त्यांचेच. १९८४ मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, अनिल बर्वे गेले. राही तेव्हा अगदी लहान होते. नृत्यदिग्दर्शिका फुलवा खामकर या त्यांच्या भगिनी.

वडिलांचा वारसा मुलात शोधणे हा चरित्रकारांचा आवडता आणि बहुधा फसवा खेळ असतो. तरीही ‘हमिदाबाईची कोठी’ आठवून पाहा. काळ बदलतो, गाण्याची जुनी रीत मोडकळीस येते, आणि एक घर आपल्या माणसांसकट हळूहळू ढासळते. आता ‘तुंबाड’चा वाडा आठवा. मुलाने वडिलांकडून विषय घेतला असे मी म्हणत नाही. पण घर हे पात्र असू शकते आणि घराला मरण येते, ही समज त्या घरात होती, एवढे म्हणायला हरकत नसावी.

गोष्टीचे बी १९९३ मध्ये पडले. नागझिरा अभयारण्यात एका रात्री मित्राने राही यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली. वय चौदा, भोवती जंगल, वीज नाही. लक्षात घ्या, त्यांनी कथा वाचली नाही, ऐकली. आपल्याकडची बहुतेक भुते अशीच प्रवास करतात: छापील पानातून एकाच्या डोक्यात, तिथून बोलण्यातून दुसऱ्याच्या डोक्यात. वाटेत तपशील गळतात, नवे चिकटतात, आणि भीती तेवढी शाबूत राहते. (त्याच १९९३ साली मराठी प्रेक्षक ‘झपाटलेला’तल्या तात्या विंचूला पाहून एकाच वेळी हसत आणि दचकत होते. मराठी पडद्यावरचे भय तेव्हा विनोदाचे बोट धरूनच चालत असे.)

धारप कोण, हे ठाणे-डोंबिवलीकडच्या वाचकांना सांगायला नको, असे मला वाटायचे. आता सांगावे लागते. नारायण धारप (१९२५–२००८) यांचे शिक्षण रासायनिक तंत्रज्ञानाचे, आणि त्यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक कित्येकांच्या बाळपणाचा सोबती होता. ही पुस्तके विकत घेऊन कपाटात लावली जात नसत. ती भाड्याच्या वाचनालयांतून फिरत. स्टेशनलगतच्या गाळ्यातले एखादे वाचनालय, खाकी कागदाचे वेष्टन, तुटलेला कणा, पहिल्या पानावर तारखांचे शिक्के. संध्याकाळच्या लोकलमधून उतरलेला माणूस भाजीच्या पिशवीत एक धारप टाकून घरी न्यायचा.

आमच्या भागाला ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पण वाङ्मयाच्या इतिहासात मोजले जाणारे वाचन आणि प्रत्यक्ष झालेले वाचन यांत नेहमीच अंतर असते. पदव्युत्तर वर्गात मराठी वाचनसंस्कृतीवर निबंध लिहिताना मी धारपांचे नाव घेतले, तेव्हा मार्गदर्शकांनी समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढले. लाखो लोकांनी रात्री दिवा चालू ठेवून जे वाचले, त्याला इतिहासाच्या समासात प्रश्नचिन्ह मिळते. असो.

‘तुंबाड’च्या पहिल्या भागाला आधार आहे तो धारपांच्या ‘आजी’ या कथेचा. तिची मुळे आणखी लांब जातात. स्टीफन किंगची ‘ग्रामा’ नावाची कथा १९८४ ची. आईला दुसऱ्या मुलाच्या अपघातापायी घर सोडून जावे लागते आणि लहान मुलगा आपल्या भयंकर आजीबरोबर घरात एकटा उरतो. ‘तुंबाड’ पाहिलेल्यांना आता पुढचे सांगायला नको.

पण गंमत नावात आहे. किंगच्या त्या कथेत ‘हस्टर’ हे नाव येते. ते किंगचेही नव्हे. १८९० च्या दशकाच्या आरंभी अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाने मेंढपाळांचा एक सौम्य, दयाळू देव कल्पिला आणि त्याला हे नाव दिले. १८९५ मध्ये रॉबर्ट चेंबर्सने ते उचलले आणि धूसर, अनिष्ट करून टाकले. १९३१ मध्ये लव्हक्राफ्टच्या कथेत ते जाता जाता उच्चारले गेले. पुढे ऑगस्ट डर्लेथने त्याला चक्क प्राचीन राक्षसी दैवतांच्या रांगेत बसवले. मेंढपाळांचा देव चाळीस-पन्नास वर्षांत राक्षस झाला, तोही केवळ एका लेखकाने दुसऱ्याचे वाचल्यामुळे.

आणि मग तो कोकणात आला, ‘हस्तर’ होऊन. मराठी कानाला हे नाव परके वाटत नाही. त्यात ‘हस्त’ आहे, म्हणजे पुढे केलेला हात. शिवाय भाताच्या शेवटच्या दिवसांत कोसळणारा हस्ताचा पाऊसही आहे. ज्या चित्रपटात पाऊस जवळजवळ थांबतच नाही, त्यातल्या देवाला याहून योग्य नाव सापडले नसते.

शीर्षक आणखी वेगळ्या दारातून आले. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ ही द्विखंडी कादंबरी १९८७ ची. जगबुडीकाठचे तुंबाड गाव, खोतांची घराणी, त्यांच्या पिढ्या. चित्रपटाने कादंबरीतून कथा घेतली नाही, घेतले ते गावाचे नाव. पण पेंडशांचे वाचक ‘तुंबाड’ म्हटले की पुढे आपोआप ‘खोत’ म्हणतात. तो शब्द ध्यानात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

राही यांनी पटकथेचा पहिला मसुदा लिहिला तो १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी. त्यानंतरची काही वर्षे या क्षेत्रातल्या कुणाही उमेदवाराची असतात तशीच: निर्माते येतात, भारावतात, आकडा ऐकतात, जातात. २००८ मध्ये त्यांनी ‘मांझा’ हा लघुपट केला, रस्त्यावर वाढणाऱ्या भावंडांचा, अतिशय काळवंडलेला. डॅनी बॉइलला तो इतका आवडला की ‘स्लमडॉग मिलिअनेअर’च्या ब्लू-रे आवृत्तीत तो समाविष्ट झाला. मुंबईच्या गरिबीवरचा जगभर गाजलेला चित्रपट आणि त्याच डिस्कवर त्याच शहराचा एका मराठी मुलाने काढलेला, कोणताही दिलासा न देणारा लघुपट! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारप वारले. आपल्या कथेचे पुढे काय झाले, हे त्यांना पाहता आले नाही.

२००९-१० च्या सुमारास राही यांनी ‘तुंबाड’चा स्टोरीबोर्ड काढला. सुमारे ७०० पानांचा. चित्रपट मिळण्याआधीच त्यांनी तो कागदावर अखेरपर्यंत पाहून घेतला होता. नवोदितांना मी नेहमी हा आकडा सांगते, कारण चिकाटी हा शब्द ऐकायला बरा असतो आणि ७०० पाने मोजायला अवघड.

पुढे सोहम शाह निर्माते आणि प्रमुख अभिनेते म्हणून आले. राजस्थानातल्या श्रीगंगानगरचा हा माणूस आनंद गांधी यांच्या ‘शिप ऑफ थिसियस’चाही निर्माता होता. त्या चित्रपटाचे छायालेखक पंकज कुमार ‘तुंबाड’लाही लाभले, आणि गांधी स्वतः सर्जनशील दिग्दर्शक झाले. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले. संकलनाच्या टेबलावर चित्रपट पाहिल्यावर राही आणि शाह दोघांनाही तो मनासारखा वाटला नाही. मग पुन्हा लेखन, पुन्हा चित्रीकरण. आदेश प्रसाद सहदिग्दर्शक. काम संपले मे २०१५ मध्ये. त्यानंतरही दृश्यपरिणाम, ध्वनी आणि संगीत यांत तीन वर्षे गेली.

इतका वेळ का लागला, याचे एक उत्तर आभाळात आहे. त्यांना खरा पाऊस हवा होता. टँकर मागवून पाडलेला पाऊस पडद्यावर लगेच ओळखू येतो: थेंब एका रेषेत पडतात आणि मागचे आभाळ कोरडे, उजळ राहते. ‘तुंबाड’मध्ये आभाळच खाली उतरलेले दिसते. करड्या उजेडाचे ते दिवस वर्षाकाठी मोजकेच मिळतात, आणि ते चुकले की पुढच्या पावसाळ्याची वाट पाहायची. भातशेती करणाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही.

याची तुलना रामसे बंधूंशी करून पाहा. हिंदीतल्या भयपटाचा पाया घालणारा त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला थोडक्या दिवसांत, थोडक्या पैशांत उरकला होता. मी रामसेंना कमी लेखत नाही. मुख्य धारेच्या बाहेर राहून, लहान गावांतल्या चित्रपटगृहांच्या जोरावर त्यांनी एक अख्खा प्रकार जगवला. पण त्यांच्या हवेलीला सनावळी नसते. ती कोणत्याही काळात, कुठेही उभी असू शकते. बर्वे यांनी काय केले, तर भुताला तारीख दिली.

१९१८, १९३३, १९४७. तीन प्रकरणे, तीन वर्षे. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला चित्रपटातले सर्वांत भयावह काही असेल, तर ही तीन वर्षे.

आधी पुराण पाहू. समृद्धीची देवी, तिच्या उदरातून जन्मलेले कोट्यवधी देव, आणि त्यांतला पहिला, लाडका हस्तर. त्याला देवीचे सोने हवे होते आणि धान्यही. सोने त्याने हस्तगत केले. धान्याकडे हात वळताच बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात घेऊन वाचवले, मात्र अट अशी की त्याची पूजा कधी होणार नाही, त्याला सगळे विसरतील. तुंबाडकरांनी त्याचे देऊळ बांधले, आणि देवांचा कोप पाऊस होऊन गावावर कोसळू लागला. म्हणून हस्तरपाशी सोने आहे आणि तो भुकेला आहे. त्याला भुलवायचे तर पिठाची बाहुली पुढे करावी लागते.

हे पुराण कोणत्याही जुन्या पोथीत नाही, चित्रपटकर्त्यांनी रचले आहे. तरी पडद्यावर ते जुने वाटते, आणि याचे श्रेय त्याच्या अर्थशास्त्राला आहे. सोने खाता येत नाही. ज्याच्याकडे सोने आहे तो धान्यवाल्याच्या दारात उभा असतो. दुष्काळ पाहिलेल्या कोणत्याही समाजाला हे पुराण आपलेच वाटेल.

आता १९१८. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. म्हणजे चित्रपट उघडतो तो बरोबर शंभर वर्षांनी. वाड्यातल्या म्हाताऱ्याला ‘सरकार’ म्हणतात, पण खरे सरकार केव्हाच बदलले आहे. उरले आहेत ते वाडा, अफवा आणि खजिन्याची आशा. त्या म्हाताऱ्याची सेवा करणारी विधवा आणि तिचे दोन मुलगे एका सोन्याच्या मोहरेची वाट पाहत जगतात. कोकणातून घाट चढून पुण्याला जाण्याची त्या विधवेची वाट चित्पावन कुटुंबांनी दोनशे वर्षे तुडवलेली होती. पेशवेही त्याच वाटेने वर गेले होते. ज्योती मालशे यांनी त्या आईचा थकवा ज्या मितभाषीपणाने उभा केला आहे, त्याची पुरेशी चर्चा झाली नाही.

१९३३ मध्ये विनायक पुण्याहून तुंबाडला एकटा ये-जा करतो आणि थोडे थोडे सोने आणतो. सावकार राघवला अफूचा परवाना हवा आहे आणि त्यासाठी त्याला गोऱ्या अंमलदाराला खूश करायचे आहे. इथे लोभ एका माणसाचा दुर्गुण उरत नाही. परवाना, लाच, व्याज आणि बायकांची देवघेव यांनी विणलेली ती एक व्यवस्था होते.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र होतो आणि वाडा सरकारजमा होणार असल्याची बातमी येते. विनायकाचा मुलगा पांडुरंग बापापेक्षा हुशार आहे आणि बापापेक्षा घाईत. मोहम्मद समद या मुलाने पांडुरंग साकारलाच, शिवाय प्रोस्थेटिकच्या थरांखाली ती भयंकर आजीही त्यानेच केली. लोभाचे दोन्ही टोकांचे चेहरे एकाच पोराचे! पहिल्यांदा कळले तेव्हा मी तो प्रसंग थांबवून पुन्हा पाहिला होता.

इथवर मी या चित्रपटाची भक्त आहे. आता आजीचा प्रश्न.

कोकणातल्या अशा वाड्यात पैसा कुठून यायचा? विहिरीच्या तळाशी असलेल्या गर्भातून यायचा नाही, हे उघड आहे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला वंशपरंपरागत वसूलदार होता. त्याने सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळांकडून धान्याच्या रूपाने वसूल करायचा. भाताच्या जमिनीवर ‘अर्धेल’, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा. वर वेठ: खोताची लावणी, खोताची लाकडे, खोताच्या घरचे लग्न. १८८० च्या खोती कायद्याने या संबंधांना कागदावर बांधले आणि त्याबरोबर कायमही केले. म्हणजे प्रत्यक्षातल्या तुंबाडात सोने आधी भात होते.

आणि १९३३? त्या वर्षी २७ ऑक्टोबरला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसणे थांबवले. नेते नारायण नागू पाटील. संप सुमारे सहा वर्षे चालला. सहा वर्षे शेते पडीक राहिली आणि माणसांनी जंगलातून लाकूडफाटा आणून, मोलमजुरी करून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला.

ज्या वर्षी पडद्यावरचा विनायक पिठाची बाहुली घेऊन विहिरीत उतरतो, त्याच वर्षी किनाऱ्यालगत धान्य पिकवणारी माणसे धान्य द्यायला नकार देत होती. हा योगायोग चित्रपटाने ठरवून साधलेला नाही, असे मला वाटते. ठरवून साधला असता, तर चित्रपटात एखादे तरी कूळ दिसले असते. ‘तुंबाड’मध्ये वाडा आहे, विहीर आहे, रान आहे, मैलोन्‌मैल ओला माळ आहे. त्या माळावर नांगर धरलेला माणूस नाही.

आमच्या भागातल्यांसाठी आणखी एक. टिटवाळा म्हटले की आपल्याला गणपती आठवतो. जानेवारी १९४५ मध्ये त्याच टिटवाळ्यात महाराष्ट्रातल्या किसान सभेचे अधिवेशन भरले होते. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडून काही वारली तिथे आले, त्यांनी ऐकले, आणि परत जाऊन बोलू लागले. त्याच वर्षी उंबरगाव-तलासरी भागात वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्याच लढ्याचे पुस्तक. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने आपण ते स्टेशन रोज ओलांडतो.

चित्रपटातला १९४७ चा सरकारी हुकूम थोडा आधी आला आहे, पण दिशा बरोबर आहे. १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा मुंबई खोती निर्मूलन कायदा यांनी कोकणातल्या वाड्यांचा पाया खरोखरच काढून घेतला. वाड्यात राहणाऱ्यांच्या बाजूने पाहिले, तर तो सर्वनाश होता आणि भयपटाला शोभेल असाच होता. माझ्या पणजोबांच्या बाजूने पाहिले, तर त्या वर्षी पहिल्यांदा सगळे भात घरात राहिले.

आजी कुळाची लेक. खोती गेली तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. खोताच्या अंगणात मापाने भात मोजले जायचे, मापारी एक, दोन न म्हणता आधी ‘लाभ’ म्हणायचा, आणि तिची आई घरी येऊन विचारायची, लाभ कुणाचा? हे तिने मला कल्याण ते डोंबिवली रिक्षात सांगितले. मग म्हणाली, “सिनेमा चांगलाय. ती म्हातारी अगदी तशीच असायची वाड्यात. आम्ही दारातूनच बघायचो.”

दारातूनच. या एका शब्दाने माझी तक्रार थोडी मवाळ झाली. चित्रपट वाड्याच्या आतून सांगितलेला आहे, आणि आत कोंडलेल्यांना बाहेरचे शेत दिसत नाही, हेच कदाचित त्यांचे खरे दुखणे असावे. विनायकाला पीठ कुठून येते हे कधी विचारावेसे वाटत नाही. बर्वे यांनी त्याला तसाच दाखवला आहे. प्रश्न पडला तो दाराबाहेर उभे राहिलेल्यांना.

तरीही मी इथे थांबून म्हणेन की एखादे कूळ, एखादा मापारी दिसायला हवा होता. एकाच चौकटीत, मागे, पावसात. पंकज कुमारांच्या कॅमेऱ्याला ते जड नव्हते.

पुढची हकीकत थोडक्यात. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘तुंबाड’ने व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा पडदा उघडला. तो मान मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट. त्या ऑक्टोबरमध्ये ‘अंधाधुन’ आणि ‘बधाई हो’ यांच्या गर्दीत तो काही आठवडे टिकला. फिल्मफेअरमध्ये छायालेखन, कला दिग्दर्शन आणि ध्वनिरचना अशी तीन पारितोषिके मिळाली. पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर किड यांचे, संगणकीय खेळांच्या संगीतासाठी गाजलेल्या. शीर्षकगीत अजय-अतुल यांचे. मग ओटीटी, मग मीम्स, मग मित्राने मित्राला ‘रात्री एकटा बघ’ म्हणून केलेली सक्ती. नागझिऱ्याच्या त्या रात्रीसारखीच, तोंडातोंडी. २०२४ च्या पुनर्प्रदर्शनात चित्रपटाने आपल्या मूळ कमाईला मागे टाकले.

त्याच वेळी ‘तुंबाड २’ची घोषणा झाली. त्यात बर्वे नाहीत, आनंद गांधीही नाहीत. बर्वे यांनी कटुता न दाखवता शुभेच्छा दिल्या आणि आपल्या मनात पहिल्यापासून एक त्रयी होती, असे सांगितले: ‘तुंबाड’नंतर ‘पहाडपांगिरा’ आणि ‘पक्षितीर्थ’. दरम्यान त्यांचा ‘मयसभा’ आला आहे. जावेद जाफरी, एक पडीक चित्रपटगृह आणि पुन्हा कुठेतरी दडवलेले सोने. सोन्याने या दिग्दर्शकाची पाठ सोडलेली नाही. ज्या हस्तरला त्यांनी वीस वर्षे जोपासला, तो मात्र आता दुसऱ्यांच्या हाती आहे. बिअर्सचा मेंढपाळांचा देव असाच हातोहात गेला होता.

परवा डोंबिवलीच्या एका वाचनालयात धारपांची चौकशी केली. काउंटरवरच्या काकांनी मान हलवली. “२०१८ पासून हातात राहत नाही पुस्तक. आणि सप्टेंबरपासून तर नंबर लावावा लागतो. तुझा पाचवा.” नाव लिहून आले.

पुढचा थ्रेड चरीच्या संपावर. तुमच्या घरात कुणी खोत असेल किंवा कूळ असेल, आणि आजी-आजोबांनी मापाच्या, वेठीच्या, अर्धेलीच्या गोष्टी सांगितल्या असतील, तर खाली लिहा. गावाचे नाव आणि साल आठवत असेल तर तेही.